कोपराचा खळगा

"पडदा ओढा," डॉक्टर म्हणाले. "नळी दिसायला सुरेखच आहे. गुण बघू."

नळीवाल्याने खिडकीवरचा काळा पडदा ओढला. भर दुपारी खोलीत अंधार झाला. टेबलावर लाकडी घोडीत काचेची नळी अडकवलेली होती, त्याने स्वतः फुंकून केलेली. हाडं दाखवणाऱ्या किरणांचा शोध लागून सात वर्षं झाली होती. त्यांतली सहा वर्षं तो या नळ्या करत होता. नळी पारखायला त्याच्याकडे यंत्र नव्हतं. तिच्यासमोर हात धरायचा आणि पलीकडच्या, किरणांनी चमकणारा लेप दिलेल्या पुठ्ठ्यावर सावली बघायची. हाडं काळीभोर आणि मांस फिकं दिसलं, की नळी विकायला तयार.

"बाईंना बोलवा की," डॉक्टर म्हणाले. "मागच्या खेपेला त्यांनीच हात धरला होता. ज्याने शोध लावला ना, त्या प्राध्यापकानेसुद्धा फोटोला बायकोचाच हात घेतला म्हणे. स्वतःचा ठेवला खिशात!"

ते एकटेच हसले.

"आई गेली," टेबलाशी उभी असलेली नळीवाल्याची मुलगी म्हणाली. "महिना झाला."

डॉक्टरांनी हातातली टोपी डोक्यावर ठेवली, मग पुन्हा काढली. "वाईट झालं. मला कल्पना नव्हती." त्यांनी नळीकडे बघितलं. "पण मिस्त्री, नळी मला आजच हवी. उद्या एका गवंड्याचा मोडलेला पाय बघायचाय. आणि पारखल्याशिवाय मी नेणार नाही. मागे एकाने फुसकी नळी गळ्यात मारली होती."

मुलीने बाही वर सरकवली. ती आईच्या स्टुलावर बसली आणि टेबलाच्या कडेवर कोपर टेकलं. तिथे लाकूड झिजून खळगा पडला होता. रोज तीच जागा, आईचं तेच कोपर. मुलीचं कोपर त्यात अचूक बसलं.

नळीवाल्याचा हात विजेच्या बटणावर होता. तो तसाच राहिला.

खुंटीवर बायकोचा हातमोजा अजून लटकत होता. डाव्या हाताचा. त्याची दोन बोटं आत दुमडून शिवून टाकलेली होती. रोज किरणांसमोर हात धरून आधी तिची नखं गेली, मग ती दोन बोटं, मग दुखणं खांद्यापर्यंत चढलं. पहिल्या दिवशी त्याने आपला हात पुढे केला होता, तेव्हा तिने तो बाजूला सारला होता. "तुमचे हात कामाचे. माझा घ्या." त्याने घेतला होता.

"ऊठ," तो म्हणाला.

"एका मिनिटाचं तर काम आहे, बाबा."

"ऊठ म्हटलं ना."

मुलगी उठली. तो स्टुलावर बसला आणि बाहीचं बटण काढू लागला.

"बाबा, नको. तुमचे हात कामाचे."

त्याने चमकून वर बघितलं. अंधारात मुलीचा चेहरा दिसत नव्हता. आवाज तेवढा आला होता.

"तिचेही होते," तो म्हणाला. "दाब बटण."

मुलगी जागची हलली नाही. डॉक्टरांनी घसा खाकरला. मग तिने बटण दाबलं. नळीला जोडलेलं तारांचं वेटोळं घुमायला लागलं, नळीत हिरवट उजेड भरला आणि पुठ्ठ्यावर एक हात उभा राहिला. रुंद, जाड सांध्यांचा.

"वा!" डॉक्टर पुढे वाकले. "एकेक हाड मोजून घ्यावं. पसंत आहे नळी. झालं, बंद करा."

"बंद करू ना, बाबा?"

"थांब जरा."

"बाबा!"

तो पुठ्ठ्याकडे बघतच नव्हता. मान खाली घालून तो टेबलाच्या कडेवर कोपर इकडून तिकडे सरकवत होता. खळगा लहान होता. त्याचं कोपर त्यात बसत नव्हतं.