काळ्या पट्टीखालचं नाव

"पाच विषय, पाचही नापास! आणि आता म्हणे माफ करा!" थॅडियस ऑर्कटनं अर्ज टेबलावर आपटला.

ओहायोतल्या त्या लहानशा कॉलेजात, परत शिकायला येणाऱ्यांचे जुने नापासाचे गुण माफ करून सरासरीतून वगळायचे की नाही, हे दोघंच ठरवत: गणिताचा थॅडियस आणि समुपदेशक डेल्फिन मेब्री. एकानं नकार दिला तरी अर्ज बाद. अर्जदाराचं नाव काळ्या पट्टीखाली. सह्या होईपर्यंत पट्टी काढायची नाही. हा नियम थॅडियसनंच आणलेला. ओळखीपाळखी चालू नयेत म्हणून.

"तेहतीस वर्षं झाली, सर," डेल्फिन म्हणाली. "यांना नर्सिंगला जायचंय. हे नापास धरले तर सरासरी बसत नाही. प्रवेश गेलाच समजा."

"तेव्हाच अभ्यास करायचा होता."

"केलाय की! ऑक्टोबरपर्यंत सगळीकडे नव्वदच्या वर. मग एकदम हजेरीच बंद."

"कारण?"

तिनं टाइप केलेली एकुलती एक ओळ वाचली. "घरी कुणीतरी थांबायला हवं होतं."

थॅडियस भडकला. "घर काय यांनाच आहे? माझी मुलगी सातव्या महिन्यात झाली. मुठीएवढा जीव, काचेच्या पेटीत. तरी चौतीस वर्षांत माझा एक तास बुडलेला नाही. एक!"

"सगळ्यांना नाही जमत ते."

"जमवावं लागतं, बाई!"

त्यानं रागारागानं सँडविचचा डबा उघडला. सकाळी डबा देताना बायकोनं विचारलं होतं, "आज तुमची समिती ना?" आणि त्याची कॉलर जरा जास्तच वेळ नीट करत राहिली होती.

"माफ केलं तर तुमचं काय जातं, सर?" डेल्फिनचा आवाज चढला.

"तत्त्व जातं."

त्यानं नकारावर सही ठोकली. डेल्फिननं ओठ आवळून स्वतःची सही केली, पट्टी काढली आणि पाकिटावर पत्ता लिहायला पेन उचललं.

पेन तसंच राहिलं.

तिनं कोरं पाकीट त्याच्या डब्याशेजारी ठेवलं.

"हे पोस्टात टाकत नाही, सर. घरी जाताना तुम्हीच घेऊन जा."