तिसावा थेंब

टँकरचा पाइप तलावात सोडायच्या आत ताईने त्याखाली काचेची नळी धरली आणि खुणेपर्यंत भरून घेतली.

"हे काय नवीन?" तिचा धाकटा भाऊ टँकरमधून खाली उतरत म्हणाला. "आजवर तलावाचं पाणी तपासायचीस. आता माझंपण?"

"तुझंपण," ताई म्हणाली.

क्लबच्या पोहायच्या तलावाची निगा अकरा वर्षं तिच्याकडे होती. गेल्या दोन महिन्यांत पाण्यातला क्षार चढत चालला होता. फरशांवर पांढरा थर, पायऱ्यांच्या कडा कानशीसारख्या, पोरांची ढोपरं सोललेली. जड पाण्यावर औषध एकच. थोडं पाणी उपसायचं आणि त्या जागी हलकं भरायचं. धरणाचं पाणी हलकं. ते आणायचं काम मॅनेजरकडे शब्द टाकून तिनेच भावाला मिळवून दिलं होतं. दोनदा तिने एकतृतीयांश तलाव उपसला, दोनदा भावाने भरला आणि दोन्ही वेळा क्षार उतरायचा सोडून चढला. जेवण सोडावं आणि वजन वाढावं, त्यातली गत!

तिने फरशा घासल्या, पावडर बदलली, तपासायच्या औषधाच्या बाटल्या नव्या मागवल्या. शेवटी स्वतःच्या डोळ्यांवरच शंका घेतली. कारण ही सगळी परीक्षा रंगाची. पाण्यात रंग टाकला की ते लाल होतं. मग दुसऱ्या बाटलीतलं औषध थेंब थेंब सोडायचं, निळं झालं की थांबायचं. जितके थेंब जास्त, तितका क्षार जास्त. "ताई, वय झालं आता, रंग कळत नसतील तुला," असं भाऊच म्हणाला होता. डोळ्यांच्या डॉक्टरकडे हात धरून त्यानेच नेलं. चष्माही त्यानेच घेऊन दिला, ती नको नको म्हणत असताना.

तिने एवढं सगळं तपासलं, पण टँकरचं पाणी काही तपासलं नाही. सख्ख्या भावाचं पाणी कोण तपासतं? शिवाय दर रविवारी तो त्याच धरणाच्या पाण्याचा कॅन तिच्या घरी आणून ठेवायचा. तिच्या किटलीच्या बुडाशी पांढरा ठिपका म्हणून नव्हता.

ठिपके आज सकाळी दिसले. गेल्या खेपेला टँकरचं पाणी काळ्या पायरीवर सांडलं होतं. ते सुकून तिथे पांढरी नक्षी उमटली होती.

तिने नळीत रंग टाकला. पाणी लालभडक झालं. ती थेंब सोडू लागली.

"एक. दोन. तीन." धरणाचं पाणी असतं तर इथेच निळं झालं असतं. "चार. पाच."

"औषध जुनं असेल," भाऊ म्हणाला.

"कालच फोडलंय. सहा. सात."

"ताई, ऐक ना. बोअर इथे कोपऱ्यावर, धरण पार तिकडे. दिवसाला सहा खेपा! मेलो असतो मी. पाणी ते पाणी, म्हटलं कोणाला कळतंय."

"मग माझ्या घरचा कॅन कुठला?"

"तो धरणाचाच. आईशप्पथ! तुला कसं देईन मी बोअरचं?"

ताईचा हात थांबला. म्हणजे एका कॅनसाठी रस्ता सापडत होता तर. वर भावाचा चेहरा असा, की जणू आता तिने कौतुकच करावं.

तेवढ्यात मॅनेजर आले. आज क्षाराचा आकडा चढला तर सोमवारपासून तिच्या जागी दुसरा माणूस, हे ते कालच सांगून गेले होते.

"मोजा मोजा," ते म्हणाले. "मी पण बघतो. राग मानू नका ताई, पण तुमचे बंधूच परवा सांगत होते. ताईच्या आकड्यावर जाऊ नका म्हणाले, तिला रंग दिसत नाहीत."

भाऊ टँकरच्या चाकाकडे बघू लागला.

केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते ताईला अकरा वर्षांच्या नोकरीत आज समजलं, आणि तेही घरच्याच माणसाकडून. तिला ओरडावंसं वाटलं. एक थोबाडीत द्यावीशी वाटली, लहानपणी द्यायची तशी. तिने चष्मा काढला, टँकरच्या पायरीवर ठेवला आणि नळी पुन्हा डोळ्यांसमोर धरली.

"हे तलावातलं नाही, साहेब. आत्ता टँकरमधून घेतलंय. धरणाचं असतं तर तीन थेंबांत निळं झालं असतं. आठ. नऊ. दहा."

मॅनेजर जवळ सरकले. वीस झाले, पाणी लालच. पंचविसाला जांभळट झालं.

"झालं की निळं!" भाऊ घाईने म्हणाला.

"नाही," ताई म्हणाली. "अजून जांभळं आहे. सव्वीस. सत्तावीस."

मॅनेजरांनी डोळे बारीक केले. त्यांना नक्की सांगता येईना. ताईने नळी हलवली, पुढचा थेंब सोडला, पुन्हा हलवली. तिसाव्या थेंबाला ती थांबली.

"आता निळं."

मॅनेजरांनी नळी हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि बराच वेळ पाहिली. "निळं," ते म्हणाले. मग भावाकडे वळले. "पाइप गुंडाळा. एक थेंब आत जाता कामा नये."

भावाने पाइप गुंडाळला. ताई तलावाच्या कडेला बसून नळी धूत होती. इंजिन सुरू झालं आणि लगेच बंद झालं. तो खाली उतरला.

"ताई, चष्मा राहिला तुझा."

ताईने मान वर केली नाही.

"राहू दे तुलाच," ती म्हणाली. "धरणाचा रस्ता दिसेल."