ताराबाईचा केक

उमापूरच्या ताराबाईला केक करायला तिच्या भावानं शिकवलं. तो औरंगाबादच्या छावणीत, गोऱ्या साहेबांच्या भट्टीवर कामाला होता. ताराबाईनं साखरेऐवजी गूळ घेतला, लोण्याऐवजी करडईचं तेल आणि घरच्याच कोंबड्यांची अंडी. पातेल्याखाली निखारे ठेवायचे, झाकणावरही ठेवायचे. खर्च असा काहीच नव्हता. चार वर्षं दर बाजारच्या दिवशी ती केक करायची आणि सासूबाई त्याचे वाटे करून आपल्या लेकांना द्यायच्या.

एकदा तिच्या नवऱ्यानं, बिभीषणानं, पहिलाच घास थुंकला. "काहून गं, दगड भाजलास का आज?" म्हणत त्यानं आपला वाटा अंगणातल्या कुत्र्याला टाकला. दीर खो खो हसला. ताराबाई चुलीजवळ उभी राहून कुत्र्याकडं बघत राहिली. तिची कानशिलं तापली होती.

पुढच्या बाजारी तिनं केक केला, पातेलं मांडीवर घेतलं आणि उंबऱ्यात बसून हातानंच तोडून खायला लागली. सासूबाई ओरडल्या. बिभीषणानं पातेलं ओढलं, पण तिनं ते सोडलं नाही. तळाची करपलेली खरवडसुद्धा तिनं नखानं काढून खाल्ली.

"सगळा एकटीनं खाल्लास? लाज कशी न्हाई वाटली तुला?" बिभीषण म्हणाला.

ताराबाईनं रिकामं पातेलं त्याच्या पायाशी आदळलं.

"चार सालं झाली करून घालते तुमाला. कसा लागतो, ते आज कळलं मला!"