फुलांच्या नावांचा रविवार

"फुलाचं नाव कोणाकोणाचं आहे?" ममता मॅडमनी विचारलं आणि संपदाने हात वर केला.

वर्गातली सगळी पोरं वळून बघायला लागली. बल्गेरियात डॉक्टरी शिकायला निघालेली ती बारावी पास पोरं, आणि त्यांच्यात ही सेहेचाळीस वर्षांची बाई. खरं तर ही जागा तिच्या लेकीची, आरोहीची. तिला ऐनवेळी कोल्हापुरात प्रवेश मिळाला आणि ती तिकडे गेली. तिची पुस्तकं रद्दीत घालायला म्हणून संपदाने काढली, सहज उघडली, आणि पुढच्या रविवारी मीरा रोडच्या त्या बल्गेरियन भाषेच्या वर्गात स्वतःच येऊन बसली. कशाला, कुठे जायचंय, उपयोग काय, असं घरीदारी सगळ्यांनी विचारून झालं. उपयोग काही नाही, असं ती बिनदिक्कत सांगायची.

मॅडम सोफियात अकरा वर्षं राहून आलेल्या. भाषेबरोबर तिथले सणही शिकवायच्या. तिथल्या ईस्टरच्या आधीचा रविवार म्हणजे त्स्वेतनित्सा. ज्याचं नाव फुलावरून किंवा झाडावरून ठेवलंय, त्याचा तो मानाचा दिवस. आणि गंमत म्हणजे आमंत्रण कोणी कोणाला देत नाही. ज्यांना तुमचं नाव माहीत आहे ती माणसं आपणहून येतात. तुम्ही फक्त काहीतरी रांधून ठेवायचं.

"पण काकू, संपदा कुठे फूल आहे?" रुचिता नावाच्या पोरीने विचारलं.

"माझं नाव निशिगंधा," संपदा म्हणाली, आणि तिचं तिलाच कसंसं झालं. चोवीस वर्षांत हे नाव तिच्या तोंडून निघालं नव्हतं.

वडिलांनी हौसेने ठेवलेलं नाव ते. लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याने, उत्तमने, अंगठीने 'संपदा' लिहिलं, साखर वाटली, झालं. रात्रीच्या फुलाचं नाव घरंदाज सुनेला शोभत नाही, असा सासूबाईंचा, अनसूयाबाईंचा हुकूम होता. नवरीला कोण विचारतंय? वर्षभरात माहेरचेही तिला संपदा म्हणायला लागले. वडीलसुद्धा. तिला राग आला होता, चांगला सणसणीत आला होता, पण तेव्हा तो तिने गिळला.

पुढच्या रविवारी सकाळी चहाच्या वेळी तिने घरात सांगून टाकलं. आज माझ्या नावाचा सण आहे, निशिगंधा या नावाचा, आणि संध्याकाळी माणसं येतील. उत्तमला वाटलं, बायको थट्टा करतेय. कोणाला बोलावलंयस, असं त्याने विचारलं. कोणालाच नाही म्हटल्यावर तर तो हसायलाच लागला. अनसूयाबाई हसल्या नाहीत. बाई त्र्याहत्तरच्या, पण आवाज अजून खणखणीत. या वयात ही थेरं कसली, अख्खी बिल्डिंग तोंडात शेण घालेल, असं त्यांनी सुनावून घेतलं. मग कप खाली ठेवला.

"नाव बदललं म्हणून कोणी मरत नाही," त्या म्हणाल्या. "त्या नावाने कोणी आलं, तर मी दारातूनच परत पाठवीन."

संपदा स्वयंपाकघरात गेली आणि मैदा भिजवायला घेतला. मनात मात्र धाकधूक होती. पोरं आलीच नाहीत तर हसं होणार. आणि आली नि दारातून परत गेली, तर ते नाव या घरात पुन्हा काढायची सोय उरणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिने दहा माणसांना पुरेल इतकी बानित्सा केली, पनीर भरलेल्या पातळ पोळ्यांची.

सहाला बेल वाजली. तिचे दोन्ही हात तुपाने माखलेले. तोवर अनसूयाबाईंनी दार गाठलंच. बाहेर मॅडम आणि आठ-नऊ पोरं, प्रत्येकाच्या हातात निशिगंधाची छडी. निशिगंधाताई इथेच राहतात ना, असं मॅडमनी विचारलं.

"या नावाचं इथे कोणी राहत नाही," असं म्हणून अनसूयाबाईंनी दार लोटायला घेतलं.

पोरं लिफ्टकडे वळलीसुद्धा. मग मात्र संपदाचं डोकं फिरलं. सासूबाईंना तिने आजवर उलट उत्तर दिलं नव्हतं. ती तशीच धावत बाहेर आली, लोटलं जाणारं दार तुपकट हाताने धरलं आणि सताड उघडलं.

"राहते," ती म्हणाली. "चोवीस वर्षं आत होते, एवढंच. या, आत या सगळे."

आपणही आता तिला निशिगंधाच म्हणू.

पोरं आत आली. 'चेस्तित इमेन देन', म्हणजे नावाच्या दिवसाच्या शुभेच्छा, असं त्यांनी एका सुरात म्हटलं आणि एकेक छडी निशिगंधाच्या हातात द्यायला लागली. उत्तम काही न सुचून खुर्च्या मांडत सुटला. अनसूयाबाई अजून दाराशीच उभ्या होत्या. त्या आता काय बोलतील याची निशिगंधाला कल्पना होती. आज एक शब्दही ऐकून घ्यायचा नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं.

अनसूयाबाई आल्या त्या सरळ मॅडमसमोर. ही फुलं फक्त फुलाचं नाव असलेल्यालाच मिळतात का, असं त्यांनी दरडावून विचारलं. मॅडम घाबरत हो म्हणाल्या.

"मग एक इकडे द्या."

"अगं आई, तुझं काय त्यात?" उत्तम म्हणाला. "तुझं नाव अनसूया."

म्हातारीने मुलाकडे वळूनही पाहिलं नाही. हात तसाच पुढे धरून ठेवला.

"अनसूया तुझ्या बापाची बायको," ती म्हणाली. "मी बकुळा."