दीनाताईंचा सत्कार

"गावाची सगळी माहिती साइटवर खुली करा. लोकांनी प्रश्न विचारलेच पाहिजेत!" सरपंचांनी भाषणात ठणकावलं. ग्रामपंचायतीची कंत्राटी ऑपरेटर दीना, रोज केडगावहून स्कूटीवर येणारी, तिनं ते खरंच मनावर घेतलं. तिनं टाकलं: रस्त्यावरचे दिवे चाळीस, पेटतात नऊ, नऊच्या नऊ सरपंचांच्या गल्लीत.

ग्रामसभेला कधी नव्हे ती गर्दी झाली. आक्काबाईंनी मोबाईल उंच धरून विचारलं, "सरपंच, आमी काय अंधारातच चाचपडायचं व्हय?"

सरपंच गोड हसले. "बघा, लोक लई जागे झाले! ही सगळी दीनाताईंची कृपा. त्यांचा सत्कार झालाच पाहिजे."

शाल आणि नारळ तिथल्या तिथं मागवले.



शाल नव्या ऑपरेटरसाठी राखून ठेवली. दीनाला नुसता नारळ दिला.