नळीखालचं शेवाळ

नारळी पौर्णिमा चार दिवसांवर आली, म्हणून हरेश्वर तांडेल पूजेसाठी होडी घासायला बसला. समुद्र तापून शेवाळ मेलं आणि त्यामागोमाग मासेही गेले, तेव्हापासून होडी फक्त पर्यटकांना फिरवायची. तळाला आता काही चिकटत नसे. इंजिनाचं गरम पाणी पडायचं त्या नळीखाली मात्र हिरवा डाग होताच.

"हे मेलं वर्षानुवर्षं खरवडतोय, तरी जात नाही!" त्याने पत्रा उचलला.

"बाबा, थांबा!" सुट्टीवर आलेली केतकी धावत आली. गरम समुद्रात तगणारं शेवाळ घडवण्यात तिची प्रयोगशाळेतली सहा वर्षं गेली होती, आणि एकही वाण जगला नव्हता. तिने चिमूटभर शेवाळ खिशातल्या जनुकवाचकात घातलं. पडदा वाचता वाचता तिचे डोळे भरून आले.

"ह्याच्या हजारो पिढ्या गरम पाण्याखाली वाढल्यात, बाबा. आम्हाला जमलं नाही ते ह्याने केलंय. हे समुद्रात रुजलं तर मासे परत येतील."

हरेश्वरने पत्रा खाली ठेवला. समुद्राचं पाणी बादलीभर आणून त्याने त्या डागावर हळूच ओतलं.

"पी," तो म्हणाला, "पोटभर पी."