सत्तारचाचांची खेळपट्टी

अब्दुल सत्तारनं तिन्ही साहेबांना बूट काढायला लावले.

"बूट घालून पिचवर नाई जाऊ देनार साहेब. कलेक्टर आले तरी नाई."

धर्मपालनं कपाळावर हात मारून घेतला. हा नगरपालिकेचा कारकून. नागपूर पासिंगची पांढरी गाडी स्टेडियमच्या फाटकाशी थांबलेली पाहून तोच धापा टाकत पुढे आला होता. "आले चाचा, टीमवाले आले! जरा जपून बोला."

पण साहेब रागावले नाहीत. त्यातले थोरले हसले, वाकून त्यांनी नाड्या सोडल्या आणि मोज्यांवर खेळपट्टीकडे निघाले. चाचांचा ऊर भरून आला. मोठी माणसं उगाच मोठी होत नाहीत.

अकोला-अमरावती रस्त्यावरच्या त्या तालुक्याच्या गावात स्टेडियम उभं राहिलं, ती सालंच वाईट होती. कपाशीनं दगा दिलेला, बाजारात माश्या मारायची पाळी आलेली. तरीही दिव्यांचे चार खांब उभे राहिले, चार कोसांवरच्या तुरीच्या शेतातून दिसायला लागले, आणि डोक्यावर ओझं असलेली बाईसुद्धा थांबून त्यांच्याकडे बघायची. काय ती उंची!

पैसा सगळा सरकारचा आणि पालिकेचा. क्रिकेटच्या लीगमधल्या एका संघानं वर्षाला तीन सामने इथं खेळायची तयारी दाखवली होती. मैदान फुकट द्यायचं, विजेचं बिल पालिकेनं भरायचं, तिकिटांचा पैसा मात्र संघाचा. जावई म्हटला की मानपान आलाच, म्हणून पालिकेनं सही करून टाकली. तिकडे अमरावतीवालेही मैदान द्यायला टपलेले होते. आता संघाच्या माणसांची पाहणी तेवढी राहिली होती, ती याच आठवड्यात होणार होती. खेळपट्टी पसंत पडली तर सामने इथं, नाही तर अमरावतीला.

आणि चाचा मे महिन्यात रिटायर होणार होते. एकतीस वर्षं त्यांनी तालुक्याच्या सामन्यांसाठी खेळपट्ट्या बनवल्या. पण ज्याच्यासाठी गाव टीव्हीपुढे गोळा होतं, असा एकही बॉलर त्यांच्या मातीवर बॉल टाकून गेला नव्हता. तेवढा एक बॉल त्यांना बघायचा होता. त्यांची बायको जैनबबी म्हणायची, "निकाह माझ्याशी लागला, संसार मातीशी केला."

"माती कुठली?" थोरल्या साहेबांनी विचारलं.

"बाळापूरची साहेब, मन नदीच्या काठची. चाळली, भिजवली, थरावर थर देऊन दाबली. दोन साल गेले. आपली काळी माती लय नखरेल. उन्हाळ्यात फाटते, पावसात फुगते. तिले मनवावं लागते."

धाकट्या साहेबानं लोखंडी सळई आणली. कडेच्या हिरवळीत दाबली, तर ती हातभर आत गेली. मग त्यानं खेळपट्टीवर हातोडीनं ठोकली. चाचा पुढे झेपावले. पण सळईच उसळून मागं आली.

थोरले साहेब खूश होऊन चाचांकडे वळले.

"वजन किती घेईल?"

"दीड टनाचा रोलर फिरवतो मी."

"सहा टन?"

सहा टनांचा रोलर! खेळाडूंवर कोट्यवधी उधळणारी माणसं, त्यांचा रोलर काय आपल्यासारखा असणार?

"घेईन साहेब. हत्ती नाचवा. दरार पडली तर नाव बदला माह्यं."

"धूळ?"

"एक कन नाई उडत."

तिसऱ्या साहेबानं चिमूटभर वाळलं गवत हवेत सोडलं आणि ते कुठे गेलं, ते वहीत लिहून घेतलं. चाचांनी धर्मपालला कोपरानं ढोसलं. "पाहून राहिला का? हवा पाहतेत. बॉल कोन्या बाजूले वळन, ते आत्ताच लिवून ठेवतेत."

मग त्या साहेबानं दिव्यांच्या खांबांपर्यंतचं अंतर मोजलं, उंची विचारली.

"कॅमेऱ्यासाठी असन," धर्मपाल कुजबुजला.

दोघांचेही डोळे विस्फारले. तालुक्याच्या सामन्याला पंच टॉसचं नाणंसुद्धा दुसऱ्याकडून मागायचे. आणि इथं वाऱ्याचीही नोंद! चाचांना वाटलं, खेळ खेळ म्हणतात तो हाच. आपण इतकी वर्षं नुसती माती कालवली.

"कागद निघेपर्यंत कुठे बोलू नका," थोरल्यांनी बजावलं.

"तोबा! अमरावतीवाल्यांले हवा नाई लागू देनार."

साहेब जरा गोंधळले, पण तेवढ्यात त्यांना फोन आला. "सर, जागा मिळाली. नाही नाही, अमरावतीकडे बघायची गरजच नाही. एवढी टणक जमीन दोन्ही जिल्ह्यांत सापडणार नाही."

चाचांनी तोंड फिरवून खांद्यावरच्या दुपट्ट्यानं डोळे पुसले. धर्मपालनं त्यांना मिठीच मारली.

"हे सगळं तुम्ही एकट्यानं केलंत?" साहेबांनी विचारलं.

"जी. सोबतीले अल्ला होता."

साहेबांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. मातीनं भेगाळलेल्या त्या हातांकडे ते घटकाभर आदरानं बघत राहिले. "तुमचं नाव मी वर कळवणार. सकाळपासून फिरतोय, असं काम कुठे बघितलं नाही."

"कधी येनार साहेब?" चाचांनी विचारलं.

"सोमवारी सकाळी दहाला. खालचा पाया इतका पक्का असला की वर चार इंच काँक्रीट पुरे होतं, त्याची माणसं आज दुपारीच येतील. शेतकऱ्यांना भेटायला मंत्री येतायत ना, त्यांचं हेलिकॉप्टर याच्यावरच उतरवायचं."